पाकीट बंद, पत्ता उघडा

1991 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सिनेटमध्ये दहशतवादविरोधी उपायांचं एक विधेयक आलं. मांडणारे होते सिनेटर जो बायडन. त्याच्या पोटात एक कलम होतं: टेलिफोन कंपन्यांनी आणि दळणवळणाची यंत्रं बनवणाऱ्यांनी अशी सोय ठेवावी, की कायद्याची परवानगी घेऊन सरकार आलं तर लोकांचं बोलणं त्याला सरळ वाचता येईल अशा मजकुरात मिळावं. ते कलम पुढे टिकलं नाही. पण कोलोरॅडोतल्या बोल्डरचा प्रोग्रामर फिल झिमरमन तेवढ्यानेच घाईला आला. अण्वस्त्रविरोधी चळवळीत वावरलेला माणूस. सरकार चळवळ्यांच्या पत्रव्यवहारात डोकावतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कायदा व्हायच्या आत हत्यार लोकांच्या हाती पडलं पाहिजे, या हिशेबाने त्याने त्याच वर्षी, ईमेल सांकेतिक लिपीत बंद करणारा ‘पीजीपी’ नावाचा प्रोग्राम फुकट वाटून टाकला.

ज्या गणिताच्या मूळ कल्पनेवर हा प्रोग्राम उभा होता, ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी 1976 साली जाहीर केली होती. त्याआधी सांकेतिक लिपीत बोलायचं तर दोघांनी आधी गुपचूप किल्ली ठरवावी लागे, त्यामुळे हा प्रांत सैन्य, वकिलाती आणि हेर यांचाच राहिला. नव्या गणिताने दाखवलं की जन्मात कधी न भेटलेली दोन माणसं, सगळं जग कान देऊन ऐकत असताना, आपसांत एक गुपित ठरवू शकतात. (हे पहिल्यांदा नीट कळतं तेव्हा आजही हातचलाखी वाटते. कागदावर आकडे मांडून पाहावेच लागतात.) झिमरमनचं त्यावरचं म्हणणं साधं होतं. आपण चोर नसलो तरी पत्र पाकिटात घालतो. ईमेल हे पोस्टकार्ड आहे, वाटेतल्या कुणीही वाचावं. सगळेच पाकीट वापरू लागले, तर पाकीट वापरतो म्हणून कुणावर संशय येणार नाही.

पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास एरिक ह्यूज, टिम मे, जॉन गिलमोर वगैरे मंडळी जमू लागली आणि स्वतःला ‘सायफरपंक’ म्हणवू लागली. त्यांचा बाणा असा की कायद्याकडे हात पसरायचे नाहीत, कोड लिहायचा. सरकार किंवा कंपनी मेहरबानी म्हणून खासगीपणा देणार नाही, तो आपणच बांधून घ्यायचा. टिम मे तर त्याही पुढचा. या गणितामुळे सरकारांना कर वसूल करणं, व्यवहारांवर नजर ठेवणं अशक्य होईल आणि राज्यसंस्थेचा पायाच ढासळेल, असं तो 1988 पासून लिहीत होता, आणि त्याला ते हवंच होतं.

आज तीस-पस्तीस वर्षांनी हिशेब मांडायला बसलं तर विचित्र निकाल लागतो. गणिताबद्दल या लोकांनी जे जे म्हटलं ते जवळजवळ सगळं खरं ठरलं. आणि तरीही साध्या माणसाचा खासगीपणा 1991 मध्ये होता त्याहून कमी झाला. माझ्या मते याचं कारण त्यांच्या गृहीतकातच होतं. पाळत ठेवणारा तारेवर कान लावून बसलेला असतो, तार बंद केली की तो बहिरा होईल, असं त्यांनी धरलं होतं. तार बंद झाली. पाळत ठेवणारा उठला आणि दोन्ही टोकांना जाऊन बसला.

सरकारने हार सहजासहजी मानली नाही, हे मात्र सांगायला हवं. अमेरिकेच्या कायद्यात मजबूत एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक लिपीत बंद करण्याचं तंत्र, हे दारूगोळ्याच्या यादीत होतं. रणगाडा निर्यात करायला जशी परवानगी लागे तशी प्रोग्राम निर्यात करायलाही. पीजीपी इंटरनेटवरून देशाबाहेर गेला म्हणून झिमरमनची जवळजवळ तीन वर्षं चौकशी चालली आणि 1996 च्या जानेवारीत आरोप न ठेवताच ती गुंडाळली गेली. मधल्या काळात एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने त्या प्रोग्रामचा संपूर्ण कोड पुस्तक म्हणून छापला. छापील पुस्तकाची निर्यात अडवायची तर अमेरिकेची राज्यघटना आडवी येते. कुणी तर एन्क्रिप्शनच्या चार ओळी टी-शर्टवर छापून घेतल्या आणि ‘हा शर्ट दारूगोळा आहे’ म्हणून मिरवत फिरले. दुसरीकडे 1993 मध्ये क्लिंटन सरकारने ‘क्लिपर चिप’ आणली. फोनमध्ये बसवायची ही चिप संभाषण बंदिस्त करणार, पण किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे ठेव म्हणून राहणार. पुढच्याच वर्षी बेल लॅब्जच्या मॅट ब्लेझने त्या सरकारी चोरवाटेला गुंगारा देता येतो हे दाखवून दिलं आणि चिपची शोभा झाली. 2000 च्या जानेवारीत निर्यातीचे नियमही सैल झाले. लढाई संपली असं वाटलं.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात कलम होतं की ग्राहकाने 40 बिट लांबीच्या किल्लीपर्यंतचंच एन्क्रिप्शन विनापरवानगी वापरावं. त्याहून मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्या आणि किल्ली सरकारजमा करा. हे कलम आलं त्याच्या आधीच, 1997 च्या जानेवारीत, इयन गोल्डबर्ग नावाच्या बर्कलेच्या विद्यार्थ्याने विद्यापीठातले संगणक जोडून 40 बिटांचं कुलूप साडेतीन तासांत उघडून दाखवलं होतं. म्हणजे आपल्या सरकारने जनतेला फुटलेलंच कुलूप मंजूर केलं. त्यात 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान 128 बिटांची सक्ती केली. एका सरकारी कागदाप्रमाणे वागलं की दुसऱ्याचा भंग होणार, अशी ती तऱ्हा. कुणी कुणावर खटला भरला नाही, कारण परवान्याचं ते कलम कुणी वाचतच नव्हतं. पण अशी न वाचलेली कलमं आपल्याकडे मरत नाहीत, ती पडून राहतात. 2015 च्या सप्टेंबरात राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला, त्यात नागरिकांनी आपले संदेश साध्या मजकुरात 90 दिवस जपून ठेवावेत आणि मागितल्यावर दाखवावेत असं लिहिलेलं होतं. म्हणजे आईला पाठवलेला ‘पोचलो गं’ हा निरोपही तीन महिने फायलीला लावून ठेवायचा. एवढी टर उडाली की मंत्र्यांनी दोन-तीन दिवसांत मसुदा मागे घेतला.

लढाई जिंकूनही शस्त्र कुणी वापरलंच नाही, हा या कथेतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. 1999 मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोन संशोधकांनी बारा जणांना पीजीपी देऊन दीड तास बसवलं आणि एक पत्र एन्क्रिप्ट करून पाठवायला सांगितलं. जमलं चौघांना. तिघांनी तर जे गुपित राखायचं तेच चुकून उघडं पाठवून दिलं. ही माणसं ढ नव्हती. किल्ली कुणाची, ती खरी कशावरून, ती हरवली तर काय, असल्या शंभर प्रश्नांची उत्तरं पत्र पाठवण्याआधी देत बसायला कुणाला वेळ असतो? सायफरपंकांना वाटलं होतं की हत्यार फुकट दिलं की लोक उचलतील. पण खासगीपणा हवा असणं वेगळं आणि त्यासाठी रविवारची दुपार घालवणं वेगळं. 2010 सालीही कॅफेच्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक खातं दोन क्लिकमध्ये उघडता येत होतं. फायरशीप नावाच्या एका छोट्या प्रोग्रामने ते चव्हाट्यावर आणलं.

मग 2013 चा जून उजाडला आणि एडवर्ड स्नोडेनने कागद बाहेर काढले. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था काय काय गोळा करत होती त्याची यादी मोठी आहे. मला त्यातला एक हाताने काढलेला आराखडा कायम आठवतो. गूगलच्या स्वतःच्या केंद्रांमधली वाहतूक कुठे उघडी असते हे त्यात बाण काढून दाखवलं होतं आणि खाली कुण्या अधिकाऱ्याने एक हसरा चेहरा काढला होता. ते पाहून गूगलचे इंजिनियर शिव्या घालत सुटले म्हणतात. त्या रागातून जे झालं ते वीस वर्षांच्या जाहीरनाम्यांतून झालं नव्हतं. कंपन्यांनी आपल्या तारा बंद केल्या, वेबसाइटची वाहतूक बंद करायला लागणारं प्रमाणपत्र फुकट देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा 2015 च्या अखेरीस सुरू झाली, आणि 5 एप्रिल 2016 रोजी व्हॉट्सॲपने जगभरातल्या एक अब्ज वापरकर्त्यांचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्ट, म्हणजे दोन टोकांची माणसं सोडून मधल्या कुणालाही, कंपनीलाही, वाचता येऊ नयेत असे बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामागचं गणित सिग्नल या संदेशाच्या ॲपवाल्या मॉक्सी मार्लिनस्पाइकच्या चमूचं होतं. लातूरच्या मावशीपासून न्यू जर्सीच्या भाच्यापर्यंत सगळे त्या दिवसापासून अशी सांकेतिक लिपी वापरू लागले, जी एकेकाळी निर्यातबंदीच्या यादीत होती. त्यांना कळलंही नाही. कळलं नाही म्हणूनच वापरू लागले.

आशा फळली म्हणायची ती इथे. पण कशी फळली ते पाहा. सायफरपंकांचं सगळं तत्त्वज्ञान ‘स्वतः बांधा’ असं होतं, आणि प्रत्यक्षात कुलूप आलं ते फेसबुकच्या मालकीच्या कंपनीकडून बक्षीस म्हणून. बक्षीस परतही घेतलं जातं. ब्रिटिश सरकारने गुप्त नोटीस काढून ॲपलकडे आयक्लाउडमधल्या बंदिस्त माहितीची वाट मागितली, तेव्हा 2025 च्या फेब्रुवारीत ॲपलने चोरवाट बांधायचं नाकारलं, पण ब्रिटनमधल्या ग्राहकांना ती जादा सुरक्षेची सोयच देणं बंद केलं. लंडनच्या माणसाचं संरक्षण एका बटणाने कमी झालं. त्याने स्वतः काहीच केलं नव्हतं, ना कुलूप लावताना ना काढताना.

आता टोकांकडे येऊ. महाराष्ट्राला यासाठी लांब जावं लागत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केलेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीने बचाव पक्षाच्या सांगण्यावरून तपासली. 2021 च्या फेब्रुवारीत बाहेर आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की 2016 मध्ये एका ईमेलमधून त्या लॅपटॉपमध्ये ‘नेटवायर’ नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं आणि पुढे बावीस महिने बाहेरचा कुणीतरी त्यात वावरत होता. ज्या पत्रांवर आरोप उभे आहेत ती त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही, खटला उभा आहे, विल्सन यांना 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. निकाल काय लागायचा तो लागो. तांत्रिक मुद्दा मात्र निकालाची वाट पाहत नाही: यंत्रच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तारेवरचं कितीही बिटांचं कुलूप शोभेचं. पाळत ठेवणारा इथे नुसता वाचत नाही, तो लिहू शकतो. झिमरमनच्या काळात ही भीती फारशी कुणाच्या मनात नव्हती.

फोनमध्ये शिरणाऱ्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट तीच. 2019 मध्ये व्हॉट्सॲपने ते बनवणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला, सुमारे 1,400 फोनांवर हल्ला झाल्याचं सांगितलं, आणि भारतात ज्यांना सावधगिरीचे निरोप गेले त्यांत याच प्रकरणातले वकील आणि कार्यकर्ते होते, नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड त्यांपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या ऑक्टोबरात न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले, पाचांत कसलं तरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही असं न्यायालयानेच 2022 च्या ऑगस्टमध्ये नोंदवलं. पुढे काय झालं विचाराल तर सांगण्यासारखं फारसं नाही.

एवढं महागडं सॉफ्टवेअर तुमच्या-माझ्यासाठी कुणी खर्ची घालणार नाही, हे खरं. तुमच्या-माझ्यासाठी स्वस्त उपाय आहेत. 2020 आणि 2021 मध्ये मुंबईतल्या दोन गाजलेल्या प्रकरणांत, एकदा सिनेसृष्टीतल्या अमली पदार्थांच्या आणि एकदा टीआरपीच्या, माणसांचे व्हॉट्सॲपवरचे संवाद पानंच्या पानं टीव्हीवर वाचून दाखवले गेले. तेव्हा ओळखीतल्या कितीतरी जणांनी विचारलं, ‘अरे, ते एन्क्रिप्टेड होतं ना?’ होतं. आहे. कुणी गणित फोडलं नाही. फोन जप्त झाला की त्यातला मजकूर उघडाच असतो. बॅकअप बराच काळ बिनकुलपाचे होते. आणि दोघांच्या संवादात दुसरा माणूस नेहमीच असतो. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी 2025 च्या मार्चमध्ये सिग्नलवर येमेनवरच्या हल्ल्याची वेळापत्रकं टाकली ती त्या गटात चुकून एक संपादक जोडला गेला होता म्हणून जगाला कळली. सिग्नलने आपलं काम चोख केलं होतं. भारतात तर नव्या प्राप्तिकर कायद्यात झडतीच्या वेळी पासवर्ड ओलांडून आत शिरण्याचा अधिकारच लिहून ठेवला आहे. गणित फोडण्यापेक्षा कलम लिहिणं सोपं.

पण सरकारी पाळतीची गोष्ट जरा बाजूला ठेवू, कारण रोजच्या जगण्यातला मोठा बदल दुसरीकडेच झाला. व्हॉट्सॲपची घोषणा झाली त्यानंतर सहाच दिवसांनी, 11 एप्रिल 2016 ला, रघुराम राजन यांनी मुंबईत यूपीआयचा शुभारंभ केला. एकाच आठवड्यात आपला निरोप बंद झाला आणि आपला बटवा उघडा पडायची सोय झाली. डेव्हिड चॉम नावाच्या गणितज्ञाने 1980 च्या दशकातच असं डिजिटल चलन मांडलं होतं, जे नोटेसारखं निनावी असेल. बँकेला रक्कम खरी आहे हे कळेल, ती कुणी कुठे खर्च केली ते कळणार नाही. त्याची डिजीकॅश ही कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपण जे घेतलं ते त्याच्या अगदी उलट. मी रोज वापरतो, सोयीला तोड नाही, आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी कटकट परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण मंडईत पालेभाजीवालीच्या गाड्यावरचा तो डबा ‘साठ रुपये प्राप्त झाले’ असं खणखणीत आवाजात सांगतो तेव्हा मला चॉम आठवतो. रांगेतल्या चौघांना रक्कम कळली, ते सोडा. ॲपला कळलं, बँकेला कळलं, मी कुठल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये किती वेळा गेलो, कुठल्या देवस्थानाला आणि कुठल्या पक्षाला देणगी दिली, महिन्यातून कितीदा कुठल्या बारमध्ये बसलो, हे सगळं एका खातेउताऱ्यावर ओळीने लागलेलं आहे. यातलं एकही वाक्य मी कुणाला लिहून पाठवलेलं नाही. एन्क्रिप्ट करायला मजकूरच नव्हता.

याला जाणकार ‘मेटाडेटा’ म्हणतात: कोण, कुणाला, कधी, कुठून, किती वेळा. पाकिटावरचा पत्ता. सीआयए आणि एनएसए या दोन्ही संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन 2014 मध्ये एका जाहीर चर्चेत बोलून गेले की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो. मजकूर वाचायची गरज उरत नाही. रात्री अकरा वाजता आत्महत्या प्रतिबंधाच्या नंबरला वीस मिनिटांचा फोन गेला, एवढं पुरे.

आणि गणिताचं टोक जिथे माणसाच्या हातात येतं तिथे काय होतं, त्याचा नमुना कोकणातल्या एका लॉजवर पाहिला. काउंटरवरच्या पोराने आमच्या सगळ्यांची आधारकार्डं मागून घेतली, झेरॉक्स मशीन बंद होतं म्हणून स्वतःच्या फोनवर पुढून-मागून फोटो काढले आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवले. फोटोंच्या वर त्याच्या गॅलरीत अजून कितीतरी कार्डं दिसत होती, मधूनमधून त्याच्या भाचीचा वाढदिवस. संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होता, यात शंका नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग हे एन्क्रिप्शन तरी कशाला, गुन्हेगारांच्याच कामाचं ते. या म्हणण्याला माझ्या दृष्टीने उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यामागे रक्त सांडलेलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हे निरोप आठवड्यांपासून फोनाफोनांतून फिरत होते. पहिल्यांदा कुणी पाठवलं ते कळलं पाहिजे, ही मागणी अशा घटनांतून आली, आणि ती मागणारे सगळे काही हुकूमशहा नाहीत. पुढे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती कलम 4(2) म्हणून बसली: मोठ्या संदेशसेवांनी, आदेश मिळाल्यावर, पहिला पाठवणारा ओळखून दिला पाहिजे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि 2024 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलांनी सांगून टाकलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही जातो.

मी या वादात कंपनीच्या बाजूला आहे, तिच्याबद्दल कसलंही प्रेम नसताना. पहिला पाठवणारा उद्या ओळखायचा तर आज प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण करून ठेवावी लागते. संशयित अजून जन्माला यायचा असतो. आणि एवढं करून सापडणार कोण? त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेच्या, मुलांच्या सुरक्षेवरच्या जाहिरातीतून कापलेला तुकडा होता. नियम म्हणतो, मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल तर भारतातला पहिला माणूस हाच मूळ मानावा. म्हणजे घाबरून ‘मुलांना सांभाळा’ म्हणत तो पुढे ढकलणारी कुणीतरी गृहिणी कायद्याने उगमस्थान ठरणार. राईनपाड्याच्या मारहाणीचे व्हिडिओ खुद्द बघ्यांनी काढले होते. मारणारे शोधायला गणिताचा अडसर नव्हता. उलट जो उपाय उपयोगी पडण्याजोगा होता तो त्याच महिन्यात कंपनीने केला: भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. कुलपाला हात लागला नाही, वणव्याचा वेग मात्र कमी झाला.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त शिक्षकांना व्हिडिओ कॉलवर दिवसेंदिवस बसवून ठेवून त्यांची पुंजी लुटणाऱ्यांनाही हेच कुलूप वाचवतं, हे मी नाकारत नाही. पण त्या लुटीचा पैसा भाड्याच्या बँक खात्यांतून जातो, आणि ती खाती उघडी आहेत. तिथली ढिलाई कुणाला खुपत नाही, कुलूप तेवढं खुपतं.

चोरवाट फक्त सज्जनांसाठी बांधता येते, या समजुतीची किंमत अमेरिकेने मोजलीच. 1994 च्या कायद्याने तिथल्या टेलिफोन कंपन्यांना पोलिसांसाठी ऐकण्याची सोय यंत्रणेतच बसवणं भाग होतं. 2024 मध्ये उघड झालं की चीनशी जोडलेले, ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखले जाणारे हॅकर त्याच कंपन्यांत शिरले होते आणि न्यायालयाच्या परवानगीने चालणाऱ्या त्या सोयीपर्यंत पोचले होते. त्या डिसेंबरात एफबीआयच्या आणि सायबर सुरक्षेच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकनांना सल्ला दिला: एन्क्रिप्टेड ॲप वापरा. ज्या एफबीआयने तीस वर्षं या गोष्टीच्या नावाने बोटं मोडली, तिनेच.

म्हणून सायफरपंकांना मी हरलेले म्हणणार नाही. त्यांचं चुकलं ते कायद्याला कस्पटासमान लेखण्यात. कोड लिहून राज्यसंस्थेला वळसा घालता येईल, या घमेंडीत त्यांनी न्यायालयं, समित्या, कायदेमंडळं ही रटाळ जागा दुसऱ्यांसाठी सोडून दिली. गंमत म्हणजे त्यांचे पक्के विजय झाले ते त्याच रटाळ जागी. डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याने सरकारवर खटला भरला आणि कोड हेही भाषणस्वातंत्र्य आहे असं न्यायाधीशांकडून वदवून घेतलं, तेव्हा दारूगोळ्याची ती यादी डळमळू लागली.

आपल्याकडे ही रटाळ जागा जवळजवळ ओस आहे. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याखाली फोन टॅप करण्याला सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मर्यादा घातल्या, पण आदेश न्यायाधीशाने द्यावा असं म्हटलं नाही. आदेश गृहसचिव देतो, आणि तो बरोबर होता का हे तपासणाऱ्या समितीत पुन्हा सचिवच. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यानंतरही गाडी त्याच रुळांवर आहे. 2014 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या, माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्रीय गृहखात्याकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश निघत होते. दिवसाला अडीचशे-तीनशे. एवढे आदेश कुणी वाचून सही करत असेल यावर विश्वास ठेवायला बराच भाबडेपणा लागतो. नंतर असे आकडे मागणाऱ्यांना नकारच मिळू लागले.

2017 च्या 24 ऑगस्टला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा वाटलं होतं की आता कायदा येईल तो या खोलीचं दार उघडेल. सहा वर्षांनी, 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आला. त्यात सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळण्याची मुभा आहे. आणि शेपटाला एक कलम जोडलेलं आहे, 44(3). ते माहिती अधिकार कायद्यातलं 8(1)(जे) बदलतं. पूर्वी वैयक्तिक माहितीही सार्वजनिक हितासाठी किंवा सार्वजनिक कामकाजाशी संबंध असेल तर मागता येत होती, ती अट त्याच कलमात लिहिलेली होती. आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच म्हणून नकार देता येतो. व्यापक जनहिताचं वेगळं कलम कायद्यात शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे अर्ज नाकारणाऱ्या कार्यालयाने ठरवायचं. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. 44(3) मात्र 2025 च्या नोव्हेंबरात, नियम प्रसिद्ध झाल्याबरोबर लागू झालं.

सायफरपंकांच्या गोतावळ्यातली एक जुनी घोषणा होती: दुबळ्यांना खासगीपणा, बलवानांना पारदर्शकता. राळेगणच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनांनंतर ज्या राज्याने, केंद्राच्या आधीच, माहिती अधिकाराचा आपला कायदा केला, तिथल्या एखाद्या तालुक्याचा कार्यकर्ता आज घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी किंवा अभियंत्याच्या बदलीची फाइल मागायला जाईल, तर ‘हा त्या व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्न आहे’ असं एका ओळीचं उत्तर त्याला देता येतं. त्या उत्तराखाली सही करणाऱ्या कार्यालयात अर्जदाराचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि शुल्क भरल्याची यूपीआयची नोंद, सगळं असतं.